पलीकडे माझं नाव काय?

11 ऑगस्ट 2018, शनिवार. दुपारी तीनच्या सुमाराला कॉसमॉस बँकेच्या डेबिट कार्डांवर परदेशातल्या एटीएममधून पैसे निघायला लागले आणि रात्री दहापर्यंत निघतच राहिले. 28 देश, सुमारे बारा हजार व्यवहार, 78 कोटी रुपये. त्याच काळात कोल्हापूर, मुंबई, इंदूरसारख्या भारतीय शहरांतल्या एटीएममधून 2,849 व्यवहार झाले आणि आणखी अडीच कोटी गेले. रविवार मध्ये गेला. सोमवारी, 13 तारखेला, बँकांमधले आंतरराष्ट्रीय निरोप नेणाऱ्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यावर 13 कोटी 92 लाख रवाना झाले. एकूण 94 कोटी 42 लाख. 1906 साली पुण्यात उभी राहिलेली ही सहकारी बँक. तिचं मुख्यालय गणेशखिंड रस्त्यावर, आणि गुन्हा नोंदला गेला चतुःशृंगी पोलीस ठाण्यात.

त्या आठवड्यात पुण्यातल्या किती घरांत पासबुकं बाहेर निघाली असतील! पण पासबुकांत काहीच बिघडलेलं नव्हतं. बँकेने पहिल्या दिवसापासून सांगितलं की ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, आणि ते खरं होतं. अनेकांना तो केवळ धीर देण्याचा प्रकार वाटला. माझ्यासारख्या, सर्व्हर एकमेकांना जोडून देण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला मात्र त्या एका वाक्यात सगळी गोष्ट दिसली. खात्यांना धक्का लागला नाही, कारण खात्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. कार्डाचा क्रमांक, मागितलेली रक्कम, वेळ, यंत्राचा क्रमांक असा एक निरोप तयार होतो. आयएसओ 8583 नावाच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात तो बसवलेला असतो. या नमुन्यात प्रत्येक गोष्टीचा रकाना ठरलेला आहे. मागणीच्या निरोपाचा प्रकार 0200, उत्तराचा 0210. निरोप व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून बँकेच्या ‘स्विच’पर्यंत येतो. स्विच म्हणजे निरोप्या सर्व्हर. तो मागणी पुढे कोअर बँकिंगच्या सर्व्हरकडे, म्हणजे खरीखुरी खाती जिथे आहेत तिथे, नेतो. तिथे शिल्लक पाहिली जाते, रक्कम वजा होते, आणि उत्तर उलट्या वाटेने एटीएमकडे जातं. उत्तरातला एकोणचाळिसावा रकाना महत्त्वाचा. त्यात 51 असेल तर शिल्लक अपुरी. दोन शून्यं असली की नोटा मोजायला सुरुवात.

कॉसमॉसच्या बाबतीत हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात घुसून स्वतःचा एक बनावट स्विच उभा केला. क्लोन केलेल्या कार्डांवरच्या मागण्या त्याच्याकडे वळल्या, आणि तो कोअर बँकिंगला न विचारताच ‘मंजूर’ म्हणत राहिला. दोन शून्यं, पुन्हा दोन शून्यं, पुन्हा दोन शून्यं. जगभरच्या एटीएमनी ते उत्तर मानलं, कारण ते येत होतं त्या बाजूने आजवर खरीच उत्तरं आली होती.

पुढे 2 ऑक्टोबर 2018 रोजी अमेरिकी सरकारी यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ या नावाने अशाच पद्धतीच्या हल्ल्यांचा इशारा जगभरच्या बँकांना दिला. मार्च 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या अहवालात कॉसमॉसवरच्या हल्ल्याचा उल्लेख उत्तर कोरियाशी जोडून आला. इथे, पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये 11 जणांना दोषी ठरवलं. त्यांच्यात क्लोन कार्डं घेऊन एटीएमपुढे उभी राहिलेली माणसं होती. कारस्थान कुठे शिजलं आणि हाताला बेड्या कुणाच्या पडल्या, यातलं अंतर पाहून मला आजही वाईट वाटतं.

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते माणसाच्या लॉगिनबद्दल नाही. पासवर्ड, ओटीपी, अंगठा यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. पण दोन सर्व्हर एकमेकांना जोडले की एक वेगळाच प्रश्न उभा राहतो: हा सर्व्हर त्या सर्व्हरचं बोलणं कशाच्या आधारावर खरं मानतो? आणि विचारणारा खरा माणूस कोण, हे त्या सांध्यातून पलीकडे पोहोचतं का?

बँकेइतकं मोठं उदाहरण घ्यायलाच हवं असं नाही. भोसरी, चाकण, रांजणगावात फिरलात तर शंभर माणसांच्या कारखान्यातही दोन-तीन डेटाबेस सर्व्हर सापडतात. एकावर स्टोअरचा माल, दुसऱ्यावर हिशेब आणि पगार, तिसऱ्यावर यंत्रांकडून येणारी उत्पादनाची नोंद. मालकांना महिनाअखेरीस एकाच कागदावर सगळं हवं असतं. मग डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, काय करतो? एका सर्व्हरवर दुसऱ्याची ओळख नोंदवतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये याला ‘लिंक्ड सर्व्हर’ म्हणतात, ओरॅकलमध्ये ‘डेटाबेस लिंक’. एकदा जोड झाली की इथे बसून तिथल्या तक्त्यावर प्रश्न टाकता येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तक्त्याच्या नावाआधी सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा लावून चार भागांचं नाव केलं की झालं. पहिल्यांदा हे चालताना पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. दोन शेजारी घरांमधली भिंत काढून दार बसवल्यासारखं.

दाराला कुलूप कसलं, हे सुरक्षिततेच्या पानावर ठरतं. त्या पानाचे दोन भाग आहेत. वरच्या भागात एक तक्ता: इकडचा अमुक लॉगिन तिकडे कोणत्या नावाने आणि कोणत्या पासवर्डने जाईल. एकेक ओळ भरत जायची. खाली एक सवाल: या तक्त्यात ज्याचं नाव नाही, त्याचं काय करायचं? चार उत्तरं दिलेली असतात. जोडूच नका. ओळखीशिवाय जोडा. तो इथे जो आहे तोच म्हणून तिथे जाऊ द्या. किंवा सगळ्यांना या एका ठरावीक नावाने जाऊ द्या, आणि पुढे नाव-पासवर्ड टाकायला दोन चौकोन.

हे चौथं उत्तर फार मोहाचं. बाणेरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीची कल्पना करा. मुख्य गेटवर एक वॉचमन आणि प्रत्येक इमारतीच्या तळाशी एकेक. मुख्य गेटवरच्याने आत सोडलेल्या प्रत्येकाच्या हातात सोसायटीच्या चेअरमनचं ओळखपत्र दिलं तर इमारतीचा वॉचमन कुणालाच अडवणार नाही. दूधवाला, कुरिअरवाला, भाडेकरू शोधणारा एजंट, सगळे चेअरमन म्हणून लिफ्टने वर जातील. रजिस्टरमध्ये दिवसभरात चेअरमन ऐंशी वेळा आलेले दिसतील. उद्या चोरी झाली तर रजिस्टर काय सांगणार?

एका कारखान्यात मी स्वतः हे केलेलं आहे. महिनाअखेर होती. अहवाल सर्व्हरवर बसून चालवला की चाले, पण हिशेब विभागातल्या बाईंच्या टेबलावरून चालवला की अडे. पडद्यावर येई ते असं, की ‘एनटी ऑथॉरिटी, ॲनॉनिमस लॉगऑन’ या वापरकर्त्याचं लॉगिन फसलं, चूक क्रमांक 18456. बाईंचं नाव त्यात कुठेच नव्हतं. त्या मला म्हणाल्या, “अहो, मी माझ्याच नावाने लॉगिन केलंय. हा ॲनॉनिमस कोण?” संध्याकाळचे साडेसात वाजले होते, मालक वर वाट पाहत होते. मी चौथं उत्तर निवडलं, दोन चौकोनांत ‘एसए’ या सर्वाधिकारी लॉगिनचं नाव-पासवर्ड टाकलं आणि अहवाल काढून दिला. सगळे खूश होऊन घरी गेले.

पुढे काही महिन्यांनी स्टोअरमध्ये नव्याने लागलेला एक मुलगा माझ्याकडे आला. त्याला फक्त मालाची शिल्लक पाहायची परवानगी होती. “सर, मला सगळ्यांचे पगार दिसतायत. दिसायला हवेत का?” असं त्याने सरळ विचारलं. तो प्रामाणिक होता म्हणून विचारायला आला. माझ्या तळहाताला घाम फुटला होता. स्टोअरच्या सर्व्हरवर तो साधा कारकून होता, पण सांध्यातून पलीकडे पाऊल टाकलं की तो ‘एसए’ होता. पगार पाहू शकत होता, बदलू शकत होता, सगळा तक्ताच पुसून टाकू शकत होता. आणि नोंदवहीत दिसलं असतं ते एवढंच, की हे ‘एसए’ने केलं.

‘एसए’ची कथा जुनी आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत या लॉगिनला पासवर्ड रिकामाच ठेवता येई, आणि असंख्य ठिकाणी तो तसाच राहिला. मे 2002 मध्ये एक कीडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, इंटरनेटवर पसरला, तो नेमके असे रिकाम्या पासवर्डचे सर्व्हर शोधत फिरे. ओरॅकलचंही तसंच. स्कॉट-टायगर ही नाव-पासवर्डची जोडी जगभरच्या विद्यार्थ्यांना पाठ असे, आणि जुन्या आवृत्त्यांत डेटाबेस लिंकचा पासवर्ड आतल्या तक्त्यात उघडा वाचता येत असे. आता तो झाकून ठेवतात. पण ज्या यंत्रावर तो साठवला आहे, तिथला सर्वाधिकारी तो उलगडू शकतोच. त्या यंत्राला तो पलीकडे वापरायचा असतो, त्यामुळे दुसरा मार्ग नाही. म्हणजे दुबळ्या सर्व्हरवर बलाढ्य सर्व्हरची किल्ली ठेवली, की बलाढ्य सर्व्हर तेवढाच दुबळा होतो.

मग त्या बाईंचं नाव पलीकडे का पोहोचत नव्हतं? हे समजून घ्यायला मला लाज वाटावी इतका उशीर लागला, म्हणून इथे थोडं थांबून सांगतो. बाई आपल्या संगणकावरून पहिल्या सर्व्हरशी बोलतात. त्यांची ओळख पटते, पण त्यांचा पासवर्ड पहिल्या सर्व्हरच्या हाती कधीच पडत नाही. पडूही नये. आता पहिल्या सर्व्हरला दुसऱ्याकडे जायचंय, तेही बाईंच्या वतीने. तो म्हणणार, ‘मी बाईंकडून आलोय’. दुसरा म्हणणार, ‘पुरावा?’ पुरावा नसतो, म्हणून तो निनावी ठरतो. या दोन उड्यांच्या अडचणीला आमच्या धंद्यात ‘डबल हॉप’ म्हणतात. सर्व्हरवरच बसून चालवलं की एकच उडी लागते, म्हणून अहवाल तिथे चाले.

उत्तर मात्र कधीचंच तयार होतं. 1978 साली नीडहॅम आणि श्रोडर या दोघांनी एक पद्धत मांडली. दोन अनोळखी यंत्रांनी एकमेकांवर थेट विश्वास टाकायचा नाही; दोघांचाही ज्याच्यावर विश्वास आहे अशा तिसऱ्याकडून चिठ्ठी आणायची. अमेरिकेतल्या एमआयटीत 1983 साली सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पात त्यातून ‘कर्बेरॉस’ घडलं. ग्रीक पुराणातल्या, पाताळाच्या दारावर बसलेल्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं हे नाव. विंडोज 2000 पासून मायक्रोसॉफ्टने तेच उचललं. सकाळी ऑफिसात लॉगिन करता तेव्हा डोमेनचा, म्हणजे ऑफिसातल्या संगणकांच्या जाळ्याचा, मुख्य सर्व्हर तुम्हाला एक मोहोरबंद तिकीट देतो, साधारणपणे दहा तास चालणारं. मग ज्या सर्व्हरकडे जायचं त्याच्या नावाचं वेगळं तिकीट, त्याच मुख्य सर्व्हरकडून. तिकिटावर वेळ असते आणि घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही, नाहीतर कुणी जुनं तिकीट उचलून पुन्हा वापरेल. एका सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं मागे राहिल्यामुळे अख्खा विभाग खोळंबलेला मी पाहिला आहे.

दुसऱ्या उडीसाठी दोन गोष्टी लागतात. प्रत्येक डेटाबेस सेवेचं नाव, यंत्र आणि पोर्टसकट, डोमेनमध्ये नोंदलेलं हवं. तेही एकाच खात्याखाली. दोनदा नोंदलं गेलं तर मुख्य सर्व्हरला तिकीट कुणासाठी मोहोरबंद करायचं ते कळत नाही. आणि पहिल्या सर्व्हरला मुखत्यारपत्र हवं: हा सर्व्हर बाईंच्या वतीने फक्त त्या अमुक सेवेकडेच जाऊ शकतो, इतरत्र नाही. आधी असं मुखत्यारपत्र सरसकट मिळे, म्हणजे एकदा दिलं की कुठेही जा. विंडोज सर्व्हर 2003 पासून त्याला मर्यादा घालता आल्या. माझ्या मते ही मर्यादा घालणं ऐच्छिक ठेवायलाच नको होतं.

हे सगळं त्या संध्याकाळी मला अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी अर्धं मिनिट वापरलं.

डोमेन जिथे नाही, तिथे चिठ्ठीचा हा मार्ग नसतो. अशा वेळी मी वरच्या तक्त्याकडे जातो. पलीकडे एक खास लॉगिन तयार करायचं, त्याला नेमके हवे तेवढेच तक्ते वाचायची परवानगी, लिहायची नाही. इकडच्या दोन-चार ठरावीक लॉगिनांनाच ते जोडून द्यायचं आणि खालच्या सवालाला ‘जोडूच नका’ हे उत्तर द्यायचं. दूरच्या सर्व्हरवर प्रोसिजर चालवण्याची मुभा मुळात बंदच असते. अगदी गरज पडेपर्यंत ती बंद ठेवायची. नव्या जोडीत मूळचं उत्तर ‘तो इथे जो आहे तोच म्हणून’ हे असतं, आणि ते वाईट नाही. चौथ्या उत्तराकडे आपण आपल्या हाताने जातो.

पुन्हा कॉसमॉसकडे वळण्याआधी तुम्हाला पेशवे दफ्तरात न्यायचं आहे. कौन्सिल हॉलच्या परिसरातली ती दगडी इमारत, आत रुमालांत बांधलेले मोडी कागद. या कागदांत सांध्यांचा विचार किती बारकाईने झाला आहे, हे पाहण्यासारखं आहे. पत्राच्या माथ्यावर मुख्य शिक्का, म्हणजे पाठवणारा कोण ते कळावं. मजकूर संपला की खाली लहान मोर्तब, म्हणजे त्याखाली कुणी एक ओळही वाढवू नये. आणि पत्र लांबलं की कागद एकाखाली एक चिकटवले जात, तेव्हा मागच्या बाजूने त्या सांध्यावर शिक्का उमटवत. अर्धा शिक्का वरच्या कागदावर, अर्धा खालच्यावर. मधला तुकडा काढून दुसरा चिकटवला तर दोन अर्धुकं जुळणार नाहीत. कुणा कारकुनाला हे सुचलं असेल, त्याला माझा मनापासून नमस्कार.

आयएसओ 8583 च्या निरोपातही मोर्तबाची जागा आहे. चौसष्टावा रकाना, आणि निरोप मोठा असेल तर एकशे अठ्ठाविसावा. सगळ्या मजकुराला एका गुप्त किल्लीने घोळून निघालेली छोटीशी संख्या त्यात बसते. वरचा एक आकडा बदलला तरी ती जुळत नाही. किल्ली नसलेल्याला ती घडवता येत नाही. किल्ली स्विचच्या डिस्कवर नव्हे, वेगळ्या कुलूपबंद पेटीत, हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूलमध्ये राहते. फास्टकॅशच्या इशाऱ्यात बँकांना सांगितलेल्या उपायांत हा एक होता: मागणीला आलेल्या उत्तराच्या निरोपाचं मोर्तब तपासा. दुसरा उपाय म्हणजे स्विचच्या सर्व्हरवर शिरायला दुहेरी ओळख मागा. तिसरा चिपच्या कार्डांसाठी: बँकेच्या उत्तरासोबत चिपने पडताळायची संकेतसंख्याही येते, ती खरोखर पडताळा. चुंबकपट्टीच्या क्लोन कार्डाला हा तिसरा पहारा लागू पडत नाही, कारण पट्टीला काही पडताळता येत नाही; ती फक्त वाचली जाते.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी 19 ऑक्टोबर 2018 रोजी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली, आणि 31 डिसेंबर 2019 रोजी बँकेच्या डिजिटल पसाऱ्यानुसार चार पातळ्यांची सविस्तर चौकट. महाराष्ट्रात सहकारी बँकांचं जाळं किती दाट आहे ते आपण जाणतोच. तालुक्याच्या गावातल्या चार शाखांच्या बँकेतही आज स्विचशी जोडणी असते, आणि ती जोडणी कधीतरी कुणीतरी संध्याकाळी साडेसात वाजता करून दिलेली असते.

म्हणून आता कोणत्याही नव्या ठिकाणी गेलो की मी पहिल्यांदा जोडण्यांची यादी काढतो. एसक्यूएल सर्व्हर ती देतो: कोणते सर्व्हर जोडले आहेत, कोणता लॉगिन पलीकडे कोणत्या नावाने जातो. यादीत अशा जोडण्या हमखास सापडतात ज्यांचा अहवाल केव्हाच बंद झाला, ज्यांचा सर्व्हर भंगारात गेला, ज्या करणारा माणूस नोकरी सोडून गेला, पण दार उघडंच आहे. त्या मी लगेच काढत नाही. आधी महिनाभर पाहतो, कुणी वापरतं का.

मग त्या कार्यालयातल्या सगळ्यात कमी अधिकाराच्या माणसाला शेजारी बसवतो. त्याच्याच लॉगिनने, त्याच्याच टेबलावरून, प्रत्येक सांध्यातून पलीकडच्या सर्व्हरला एक प्रश्न पाठवतो. तिथला डेटा मागत नाही, फक्त विचारतो: तुला मी कोण दिसतोय? सर्व्हर आज्ञाधारकपणे एक नाव परत पाठवतो. परवा एका ठिकाणी सात सांधे होते. पाच ठिकाणी त्या मुलीचं स्वतःचं नाव आलं, एका ठिकाणी फक्त-वाचणाऱ्या खास लॉगिनचं आलं. सातव्या ठिकाणी दोनच अक्षरं आली. आम्ही दोघं पडद्याकडे पाहत राहिलो, मग मी खुर्ची पुढे ओढली.